लाल तंतू, पांढरे तंतू

मनोरच्या बाजारात कोंबडी घेणाऱ्याला छातीचे मांस पांढरट आणि तंगडीचे तांबूस असते हे कोणी शिकवावे लागत नाही. किनाऱ्यावरून आलेला बांगडा कापला, की त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना, कातडीलगत गेलेली गडद तपकिरी पट्टी दिसते. बाकीचे मांस फिकट असते. पापलेटात अशी पट्टी जेमतेम असते, तर कुप्याचे मांस बरेचसे लालच असते. आपण ज्याला मांस म्हणतो ते म्हणजे हाडांना जोडलेले, आपल्या इच्छेने हलणारे पट्टकी स्नायू. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ते सगळे एकाच गुलाबी रंगाचे असतात. स्वयंपाकघरात मात्र ते दोन रंगांचे दिसतात.

हा फरक कशामुळे? वर्गात विचारले तर बहुतेक वेळा उत्तर येते, "लाल मांसात रक्त जास्त असते." उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही. या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा वडोद्याला पार पडला. मनोरवरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग ज्या वडोद्यावरून पुढे जातो, तेच हे गाव. आणि तो टप्पा गाठला गेला त्या १९५८ साली मनोर आणि वडोदे ही दोन्ही गावे एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. या लेखात आपण ही गोष्ट क्रमाने पाहू या.

जुडग्यात जुडगे

आधी रचना. उकडलेल्या कोंबडीच्या छातीचा तुकडा घ्या आणि बोटांनी ओढा. तो आडवा तुटत नाही, उभ्या दोऱ्यांमध्ये सुटतो. हे दोरे म्हणजे स्नायुतंतूंची जुडगी. त्यातला एक बारीक दोरा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून दोन सुयांनी अलगद विंचरला, की केसाइतके किंवा त्याहून बारीक धागे सुटे होतात. असा एक धागा म्हणजे एक स्नायुतंतू आणि तीच स्नायूची पेशी. तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते, पण लांबी कित्येक सेंटिमीटर असू शकते. शिवाय तिच्यात एक नव्हे, शेकडो केंद्रके असतात, कारण भ्रूणावस्थेत अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून ती तयार झालेली असते.

हाच धागा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली चारशेपट मोठा करून पाहा. प्रकाश थोडा कमी केला, तर धाग्यावर अतिशय बारीक आडव्या रेघा दिसतात. 'पट्टकी' हे नाव या रेघांवरूनच आले. डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने १६८० च्या दशकात स्वतः घासलेल्या भिंगांतून त्या पाहिल्या आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवल्या. पण त्या रेघा कशाच्या, हे त्याला किंवा त्याच्यानंतरच्या अनेक पिढ्यांना कळले नाही.

आज आपल्याला ठाऊक आहे की स्नायुतंतूच्या आत आणखी बारीक तंतुकांची जुडगी असतात. प्रत्येक तंतुकात मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक दोर एकाआड एक रचलेले असतात. जाड दोरांची जागा गडद दिसते, नुसत्या बारीक दोरांची फिकट. गडद आणि फिकट मिळून होणारा एक खण साधारण सव्वादोन सहस्रांश मिलिमीटर लांबीचा असतो. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या तंतुकात असे सुमारे साडेचार हजार खण ओळीने लागलेले असतात. प्रत्येक खण थोडासाच आखडतो, पण सगळे एकदम आखडले की हात कोपरातून वाकतो.

रंगाचा प्रश्न

लाल आणि पांढऱ्या स्नायूंची पहिली ठळक नोंद इटलीच्या स्तेफानो लोरेंझिनी याची मानतात. १६७८ साली विद्युत् मासा म्हणजे टॉर्पेडो या विषयावर त्याने पुस्तक लिहिले, त्यात सशाच्या अंगात दोन रंगांचे स्नायू असतात असे नमूद केले. नोंद झाली, पण ती तशीच पडून राहिली. कारण त्या काळी चर्चा वेगळ्याच प्रश्नाची होती. मेंदूतून कसला तरी 'प्राणवायू'सारखा सूक्ष्म पदार्थ चेतांमधून स्नायूत उतरतो आणि स्नायू फुगवतो, अशी समजूत होती. हॉलंडच्या यान स्वामरडाम याने १६६० च्या दशकात बेडकाचा स्नायू बंद नळीत ठेवून त्याची चेता चिमटली. स्नायू आखडला, पण नळीतल्या पाण्याच्या थेंबाची पातळी वर गेली नाही. स्नायू फुगत नाही, फक्त त्याचा आकार बदलतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. पुढे स्नायूंच्या अभ्यासकांनी बेडूक सोडला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवू या, तिचा संबंध पुढे येणार आहे.

रंगाच्या प्रश्नाला गती मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. जर्मनीच्या विल्हेल्म क्यूने याने १८६४ साली बेडकाच्या स्नायूंतून एक प्रथिन पिळून काढले आणि त्याला मायोसिन हे नाव दिले. स्नायूतले रक्त पूर्ण धुऊन काढले तरी त्याचा लाल रंग जात नाही, हेही त्याने दाखवले. म्हणजे हा रंग रक्तवाहिन्यांतल्या रक्ताचा नव्हे, स्नायूच्या स्वतःच्या रंगद्रव्याचा. पुढे या द्रव्याला मायोग्लोबिन हे नाव मिळाले. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून आणते. मायोग्लोबिन तो पेशीच्या आत धरून ठेवते आणि जिथे लागेल तिथे पोचायला मदत करते. तासभर श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या स्पर्म देवमाशाचे स्नायू मायोग्लोबिनमुळे जवळजवळ काळे दिसतात.

१८७३ साली पॅरिसच्या लुई रांव्हिए याने रंगाच्या पुढचा प्रश्न विचारला. सशाच्या लाल आणि पांढऱ्या स्नायूंना त्याने विजेचे हलके झटके दिले. पांढरा स्नायू चटकन आखडला आणि चटकन सैल पडला. लाल स्नायू सावकाश आखडला आणि सावकाश सैल झाला. त्यावरून समीकरण तयार झाले: पांढरा म्हणजे जलद, लाल म्हणजे मंद. हे समीकरण अजूनही अनेक पुस्तकांत आढळते. सशापुरते ते बरोबर आहे. पण सगळ्या प्राण्यांना ते लावता येते का?

स्नायू खातो काय?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रश्न पुन्हा बदलला. स्नायू कसा आखडतो याऐवजी तो कशावर चालतो, म्हणजे त्याचे इंधन कोणते, हे शोधणे सुरू झाले. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर काम केले. ऑक्सिजन न देता स्नायूला आखडायला लावले तर त्यात लॅक्टिक आम्ल साचते आणि ऑक्सिजन दिला की ते नाहीसे होते, असे त्यांना दिसले. हे आम्ल ग्लायकोजेनपासून, म्हणजे स्नायूत साठवलेल्या शर्करेपासून तयार होते हे ओटो मायरहोफ याने दाखवले. आर्चिबाल्ड हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूचे खरे इंधन शर्करा हा विचार त्यामुळे घट्ट रुजला.

लवकरच चित्र थोडे बदलले. १९२७ साली बोस्टनमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातून तिथे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूत फॉस्फोक्रिएटिन असल्याचे दाखवले. १९२९ साली एटीपी हा रेणू सापडला, जर्मनीत लोमान याला आणि बोस्टनमध्ये याच जोडीला, स्वतंत्रपणे. १९३० साली डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड याने एक विष देऊन स्नायूत लॅक्टिक आम्ल तयार होणेच थांबवले, तरी स्नायू काही काळ आखडत राहिला. म्हणजे आम्ल हे आखडण्याचे कारण नव्हे. आखडण्याची ऊर्जा एटीपीतून येते आणि शर्करा जाळून संपलेला एटीपी पुन्हा भरून काढला जातो.

पण मग मेदाचे काय? माणूस श्रम करताना किती ऑक्सिजन घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे मोजून १९२० साली कोपनहेगनमध्ये क्रोग आणि लिंडहार्ड यांनी दाखवले होते की श्रमात शरीर मेदही जाळते. तरी स्नायू स्वतः मेद जाळतो, की यकृत आधी मेदाचे रूपांतर करून देते, यावर वाद राहिला. १९५२ साली वाइस-फोग याने टोळधाडीतले टोळ उडवून पाहिले आणि लांब उड्डाणात ते मुख्यतः मेद वापरतात असे दाखवले. टोळ मात्र कीटक. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या स्नायूत काय होते?

इथे एक गोष्ट आम्हा संशोधकांना नेहमी विचार करायला लावते. बेडकाच्या मांडीचा स्नायू उडी मारण्यासाठी घडलेला आहे. क्षणभर जोर आणि मग विश्रांती हे त्याचे काम. अशा स्नायूला विचारले, तर 'माझे इंधन शर्करा' असेच उत्तर मिळणार. प्रयोगासाठी कोणता प्राणी निवडला यावर उत्तर किती अवलंबून असते, हे सहज लक्षात येत नाही. तासन्‌तास न थांबता काम करणारा स्नायू निवडला, तर?

वडोद्याचे कबूतर

असा स्नायू पक्ष्याच्या छातीत असतो. पंख खाली मारणारा हा मोठा स्नायू कबुतराच्या अंगातला सर्वांत वजनदार स्नायू आहे. कोंबडीची छाती पांढरी असते कारण कोंबडी फार तर कुंपणापर्यंत उडते. दिवसभर पायांनी उकरत हिंडते म्हणून तिची तंगडी लाल. कबूतर लांब उडणारे, म्हणून त्याची छाती गडद लाल.

वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेल्या आणि शिक्षणासाठी मोठे काम केलेल्या सयाजीराव गायकवाडांचे नाव त्याला दिलेले आहे. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. जे. सी. जॉर्ज यांनी पक्ष्यांच्या, आणि तुलनेसाठी वटवाघळांच्या, उड्डाण-स्नायूंचा अभ्यास १९५० च्या दशकात हाती घेतला. मार्च १९५८ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात जॉर्ज आणि त्यांचे सहकारी आर. एम. नाईक यांचे दोन छोटे निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. प्रत्येक जेमतेम दोन-तीन पानांचा.

कबुतराच्या छातीच्या स्नायूचे पातळ छेद घेऊन, मेद आणि ग्लायकोजेन यांना वेगवेगळे रंग देणारी रंजके वापरून त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. नुसत्या डोळ्यांना सगळा लाल दिसणारा हा स्नायू प्रत्यक्षात दोन प्रकारच्या तंतूंचा निघाला. संख्येने खूप जास्त असलेले तंतू बारीक आणि लाल. त्यांच्यात मेदाचे थेंब खच्चून भरलेले, ग्लायकोजेन थोडे. दुसरे तंतू जाड, पांढरे आणि मोजके, बहुतेक जुडग्यांच्या कडेला. त्यांच्यात ग्लायकोजेन भरपूर आणि मेद जवळजवळ नाही. दुसऱ्या निबंधात तंतुकणिकांची गणती आहे. ऑक्सिजन वापरून इंधन जाळण्याची पेशीतली भट्टी म्हणजे तंतुकणिका. लाल तंतूंत त्या दाटीवाटीने होत्या, पांढऱ्यांत विरळ. मेदाचे विघटन करणारे लायपेज हे विकरही या स्नायूत काम करते, हे त्याच प्रयोगशाळेने त्याच वर्षी दाखवले.

सगळे पुरावे एकाच दिशेने जात होते. स्नायूच्या आतच मेदाचा साठा, तिथेच तो फोडणारे विकर आणि शेजारीच तो जाळणाऱ्या भट्ट्या. म्हणजे लांब उड्डाणात स्नायू मेदावरच चालतो. पांढरे तंतू झेप घेताना, एकदम वर उठताना उपयोगी पडतात आणि त्यासाठी झटपट मिळणारी शर्करा पुरते.

यामागचा हिशेब विद्यार्थ्यांना करून पाहायला देण्यासारखा आहे. एक ग्रॅम मेदापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, एक ग्रॅम शर्करेपासून सुमारे ४. शिवाय ग्लायकोजेन कोरडे साठवता येत नाही. प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवावे लागते. म्हणजे साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे ग्लायकोजेन जेमतेम १ किलोकॅलरी देते. जेवढ्या ऊर्जेसाठी पक्ष्याला १० ग्रॅम मेद वाहावा लागेल, तेवढ्यासाठी ओल्या ग्लायकोजेनचे ९० ग्रॅम ओझे न्यावे लागेल. इतक्या ओझ्याने लहान पक्षी जमिनीवरून उठणारच नाही.

वडोद्याच्या मंडळींनी मग आपल्याकडे हिवाळ्यात थव्याने येणाऱ्या भोरड्यांकडे लक्ष वळवले. पळस फुलला की त्यावर कलकलाट करणाऱ्या या भोरड्या एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे परत निघतात. निघण्याआधी त्यांच्या अंगात मेद साठतो, त्याचा अभ्यास या विभागात झाला. मेदावरच्या उड्डाणाची मर्यादा किती असू शकते, हे अलीकडे कळले. २०२२ साली बार-टेल्ड गॉडविट जातीच्या एका तरुण पाणपक्ष्याने अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत न उतरता, काही न खाता-पिता कापले. त्याच्या पाठीवर बसवलेल्या यंत्राने ही नोंद केली.

१९६६ साली जॉर्ज आणि अमेरिकेचे अँड्रयू बर्जर यांचा पक्ष्यांच्या स्नायूंवरचा 'एव्हियन मायॉलॉजी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रा. जॉर्ज पुढे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात गेले. एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. 'नेचर'च्या ज्या १८१ व्या खंडात कबुतराचे हे निबंध आहेत, त्याच खंडात, त्याच मार्च महिन्यात, केंब्रिजच्या जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिनच्या रेणूची पहिली त्रिमितीय आकृती दिली. ते मायोग्लोबिन स्पर्म देवमाशाचे होते. केंड्रूंना १९६२ चे नोबेल मिळाले. स्नायूला लाल करणारा रेणू कसा दिसतो हे केंब्रिजने सांगितले. लाल तंतू काय खातो हे वडोद्याने.

दोन प्रश्न, दोन उत्तरे

कबुतराने आणखी एक गोंधळ पुढे आणला. त्याचे पंख एका सेकंदात अनेक वेळा खाली-वर होतात. म्हणजे त्याचे लाल तंतू मंद नाहीत, चांगले जलद आहेत. मग रांव्हिएचे 'लाल म्हणजे मंद' हे समीकरण इथे मोडते. तंतू किती वेगाने आखडतो हा एक प्रश्न आणि तो कोणते इंधन कसे जाळतो हा दुसरा. सशात दोन्हींची उत्तरे एकत्र आली होती, म्हणून ते एकच वाटले.

वेगाचे उत्तर प्रथिनांत सापडले. १९३९ साली रशियात एंगेलहार्ट आणि ल्युबिमोव्हा या दांपत्याने मायोसिन स्वतःच एटीपी फोडते हे दाखवले. १९५४ साली 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक अँड्रयू हक्सली आणि निडरगर्क यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते. दोन्ही निबंधांचा निष्कर्ष एकच होता: स्नायू आखडताना जाड आणि बारीक दोर लहान होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात. मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. प्रत्येक फेरीला एक एटीपी खर्च होतो. १९६७ साली मायकेल बारानी याने निरनिराळ्या स्नायूंचे मायोसिन तपासले. ज्याचे मायोसिन एटीपी लवकर फोडते तो स्नायू जलद, ज्याचे सावकाश फोडते तो मंद. १९७० साली ब्रूक आणि कायझर यांनी या फरकावर आधारलेली रंगवण्याची पद्धत दिली आणि तीच पुढे रूढ झाली.

माणसाच्या स्नायूंत आज मुख्य तीन प्रकार मानतात. पहिला मंद, लाल, तंतुकणिकांनी भरलेला आणि न थकणारा. दुसरा जलद, पण ऑक्सिजनवर बराच वेळ टिकणारा; कबुतराचे लाल तंतू या दुसऱ्याच्या जवळचे. तिसरा जलद, मुख्यतः शर्करेवर चालणारा, जोर मोठा पण लवकर थकणारा. कोंबडीसारखे माणसाचे स्नायू एकरंगी नसतात, प्रत्येकात तिन्ही प्रकार मिसळलेले असतात. लावणीच्या दिवसांत चिखलात तोल सांभाळत उभे राहायचे काम पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूकडे असते आणि त्यात मंद तंतूंचा भरणा असतो. भाताची गोणी एकदम खांद्यावर घेताना जलद तंतूही कामाला लागतात.

मग तंतूचा प्रकार जन्मतःच ठरलेला असतो का? १९६० साली ऑस्ट्रेलियात बुलर, जॉन एक्लिस आणि रोझमंड एक्लिस यांनी मांजरांच्या पायातल्या एका जलद आणि एका मंद स्नायूच्या चेता कापून अदलाबदल करून जोडल्या. काही आठवड्यांनी मंद स्नायू जलद होऊ लागला आणि जलद स्नायू मंद. म्हणजे स्नायू आपला स्वभाव सोबत घेऊन बसलेला नसतो. चेता त्याला जे काम लावते त्याप्रमाणे तो बदलतो. १९६७ साली जॉन हॉलोझी याने उंदरांना काही आठवडे पळवले, तेव्हा त्यांच्या पायाच्या स्नायूंतील तंतुकणिकांची क्षमता सुमारे दुप्पट झाली. माणसांतही नियमित सरावाने असेच होते. मात्र मंद तंतूंचे पूर्ण जलद तंतूंत रूपांतर सरावाने सहसा होत नाही. अनुवंशाचा वाटा त्यात राहतोच.

'काटक' या शब्दाविषयी

इतका इतिहास सांगण्याचे एक कारण आहे. आपल्या भागातल्या शाळांत एक वाक्य कौतुकाने बोलले जाते: "आदिवासी मुले जन्मतःच काटक असतात." पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या, हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले, तेव्हाही हे वाक्य ऐकू आले. त्यात तिच्या वर्षानुवर्षांच्या सरावाचा उल्लेख राहूनच जातो. आणि दुसरे असे, की ज्या मुलांना हा शब्द लावला जातो त्यांच्या ताटात काय आहे, हे विचारण्याची गरज मग उरत नाही.

काटक नावाचा कोणताही स्नायुतंतू नाही. तंतूंची संख्या माणसात जन्माच्या सुमाराला जवळजवळ ठरून जाते. त्यानंतर स्नायू वाढतो तो तंतू लांब आणि जाड होऊन. म्हणजे आईला गरोदरपणी आणि मुलाला पहिल्या काही वर्षांत काय खायला मिळाले, यावर त्याचा स्नायू उभा राहतो.

आणि खायला मिळाले नाही तर? इथे कबुतराचा धडा पुन्हा उपयोगी पडतो. उपाशी शरीर आधी ग्लायकोजेन वापरते. ते दिवसभरात संपते. मग मेद जळू लागतो आणि स्नायू त्यावर चालू शकतात. पण मेंदू मेदाम्ले जाळत नाही. त्याला ग्लुकोज लागते, आणि मेदाम्लांपासून ग्लुकोज तयार करण्याची सोय आपल्या शरीरात नाही. म्हणून शरीर स्नायूंतली प्रथिने मोडते, त्यांतल्या अमिनो आम्लांपासून यकृत ग्लुकोज बनवते. उपवास लांबला तर यकृत मेदापासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू ती वापरू लागतो, त्यामुळे स्नायूंची झीज मंदावते. बोस्टनच्या जॉर्ज केहिल यांनी १९६० च्या दशकात हे सविस्तर दाखवले. मंदावते, पण थांबत नाही. ज्याच्या अंगावर मेदच नाही अशा लहान मुलाला ही सवलतही फार दिवस पुरत नाही. या झिजेत जलद तंतू अधिक बारीक होतात. मूल उभे राहते, चालते, पण पळत नाही, उड्या मारत नाही, खेळात एका बाजूला बसून राहते. अशा मुलाला आपण शांत म्हणतो.

मनोरहून विक्रमगडमार्गे जव्हारकडे रस्ता जातो. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात १९९२-९३ साली कुपोषणाने बालकांचे मृत्यू झाले आणि सगळ्या महाराष्ट्राला त्याची दखल घ्यावी लागली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्यानंतर अंगणवाडीत दंडाचा घेर मोजणारी रंगीत पट्टी रूढ झाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषित; साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम. दंडच का? कारण दंडात एक हाड, त्याभोवती स्नायू आणि वर थोडा मेद. हाड सहज बारीक होत नाही. म्हणजे ही पट्टी मुख्यतः स्नायू आणि मेद मोजते.

नववी-दहावीच्या वर्गात ऊती शिकवताना पट्टकी स्नायूच्या आकृतीबरोबर अशी एक पट्टी दाखवता येईल. जवळच्या अंगणवाडी सेविकेला विनंती केली तर ती कशी वापरायची हे त्या आनंदाने सांगतात. विद्यार्थ्यांच्या घरात धाकटी भावंडे असतात. साडेअकरा हा आकडा कशाचा आहे हे ज्या मुलीला नीट कळले, ती आपल्या भावाच्या दंडाला पट्टी लावून तांबडा रंग आला तर त्याला उचलून अंगणवाडीत घेऊन जाईल. स्नायूवरच्या धड्याचा यापेक्षा चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही.